हात धुवायची आठवण कधी होते?

पत्राचा सारांश : लिहिणारे गृहस्थ ५७ वर्षांचे, पुण्यात सहकारनगर भागात राहणारे. एका पतसंस्थेत ३० वर्षं हिशेब पाहतात. सहा वर्षांपूर्वी डायबिटीस निघाला, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी घरी शुगर तपासून वहीत लिहायला सांगितलं, ते नेमाने लिहितात. वहीतले सकाळचे आकडे सगळे ११५ ते १३५ मधले. पण गेल्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी लॅबमधली तपासणी, आलं ८.६, आणि डॉक्टर बुचकळ्यात पडले. मग एका रविवारी यंत्राची बॅटरी बदलून तारीख-वेळ लावताना मुलीने मेमरी चाळली. वहीत नसलेले आकडे तिथे होते : १९८, २१२, २३४. एकेका सकाळी तीन-तीनदा तपासणी. वहीत त्या तारखांपुढे शेरा ‘स्ट्रिप खराब’, महिन्यात नऊ वेळा. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही आम्हाला फसवताय.” तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं.

ते लिहितात : “ताई, देवाशपथ सांगतो, आपण खोटं लिहितोय असं मला एकदाही वाटलं नाही. आकडा मोठा आला की आठवायचं, अरे, हात धुतलेच नाहीत. मग हात धुवून पुन्हा बघायचो. मी अंगाने किडकिडीत, रोज पहाटे तळजाई टेकडीवर तासभर चालतो, मला इतकी शुगर येईलच कशी? मी लबाड आहे का? मुलगी म्हणते, यापुढे तीच तपासणार आणि तीच लिहिणार. बायको म्हणते, यंत्र काढून टाका, तीन महिन्यांनी लॅबमध्ये जात जा. मी म्हणतो, शपथ घेतो, यापुढे सगळं खरं लिहीन. डॉक्टरांना हे सांगायचं का?” पत्राच्या तळाला, सहीच्या वर, आणखी एक ओळ आहे : वडिलांचा उजवा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली काढावा लागला होता.

दादा, नमस्कार.

तुम्हाला जो प्रश्न झोपू देत नाही त्याचं उत्तर आधी देते. तुम्ही लबाड नाही. लबाड माणसाला खरा आकडा ठाऊक असतो, पटलेला असतो, आणि तरी तो दुसरा लिहितो. तुम्ही २१२ च्या जागी १२२ एकदाही लिहिलेलं नाही. पण वही वाचून मुलगी निर्धास्त राहिली आणि डॉक्टरांनी तीच गोळी तेवढीच चालू ठेवली, हेही खरं आहे. हेतू फसवायचा नव्हता, फसवणूक मात्र झाली, आणि सगळ्यात आधी फसलात तुम्ही स्वतः. मुलगी बोलते ती परिणामाबद्दल, तुम्ही बोलता ते हेतूबद्दल. दोघंही आपापल्या जागी खरं सांगताय, म्हणून हे भांडण मिटत नाही.

तुमचं हात धुण्याचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कारण तर बरोबरच आहे. आंबा चिरून किंवा केळं सोलून त्याच बोटाचा थेंब घेतला, तर आकडा खरोखर फुगतो. मला विचारायचंय ते वेगळंच. ज्या सकाळी १२६ आलं, त्या सकाळी हात धुतले होते की नाही हे तुम्हाला आठवलं का? खात्री करायला दुसरी स्ट्रिप काढलीत का? मुलीने मेमरीतून उतरवून घेतलेली जी यादी तुम्ही पत्रासोबत पाठवलीत, ती समोर ठेवून मी हे विचारतेय. १२६ आलं त्या दिवशी एकच नोंद आहे. २१२ आलं त्या दिवशी सकाळी ६.४० ते ६.५५ च्या दरम्यान तीन. आणि ज्या डबीतली स्ट्रिप सोमवारी खराब निघाली, त्याच डबीतली मंगळवारी चांगली होती.

सगळी गोम इथे आहे. आवडत्या आकड्याला तुम्ही लगेच घरात घेतलंत, नावडत्याला दारात उभं करून त्याची कागदपत्रं मागितलीत.

हे फक्त तुमच्याच बाबतीत घडतं असं समजू नका. पीटर डिट्टो आणि डेव्हिड लोपेझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉलेजच्या मुलांना कागदाची पिवळी पट्टी दिली आणि सांगितलं की हिला लाळ लागली की शरीरात एक विशिष्ट द्रव्य कमी आहे का ते कळतं. काहींना सांगितलं, रंग बदलला तर तुम्ही ठीक. काहींना उलट सांगितलं, रंग बदलला नाही तरच तुम्ही ठीक. खरं तर ती साध्या कागदाची पट्टी होती, तिचा रंग कधीच बदलणार नव्हता. ज्यांच्यासाठी रंग न बदलणं ही चांगली बातमी होती, ते पट्टी बघून मोकळे झाले. ज्यांच्यासाठी ती वाईट बातमी होती ते जास्त वेळ थांबले, आणि त्यांच्यातल्या जास्त जणांनी पट्टी पुन्हा बुडवून पाहिली. तुमच्या ओट्याजवळच्या त्या पंधरा मिनिटांचं इतकं हुबेहूब वर्णन मला दुसरं सापडलं नाही.

थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यातली मेख नेमकी पकडलीय. हवीशी गोष्ट समोर आली की माणूस मनाला विचारतो, “यावर विश्वास ठेवता येईल का?” नकोशी आली की विचारतो, “यावर विश्वास ठेवावाच लागेल का?” दोन्ही प्रश्न प्रामाणिक वाटतात. पण पहिल्याला जवळजवळ नेहमीच ‘हो’ मिळतं आणि दुसऱ्यातून निसटायला एखादी फट सापडतेच. तुमची फट होती न धुतलेले हात. ती खोटी नव्हती, म्हणूनच ती इतके महिने टिकली.

“यंत्रं चुकतात” असंही तुम्ही लिहिलंय. चुकतात की. घरगुती यंत्रांसाठी २०१३ चं आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १०० आणि त्यावरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, आणि १०० पैकी ९५ आकडे तेवढ्यात बसले तरी पुरे. तुम्ही हिशेबाचे माणूस, करून बघा. यंत्राने २१२ दाखवलं तर खरा आकडा साधारण १८५ ते २५० मध्ये कुठेतरी. चूक धरूनही तो १२६ होत नाही. आणि तीच सूट १२६ लाही लावायला हवी. तो आकडा १४५ सुद्धा असू शकतो. यंत्राची चूक दोन्ही बाजूंना जाते, तुम्ही ती एकाच बाजूला धरलीत.

“एकदाही वाटलं नाही” हे तुमचं म्हणणं मुलीला पटत नाही. मला पटतं, आणि त्याला आधारही आहे. जॉर्ज क्वाट्रोन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८४ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात लोकांना गार पाण्यात हात धरून ठेवायला सांगितलं. मग थोडा व्यायाम करवला. त्यानंतर काहींना सांगितलं की ज्यांचं हृदय दणकट आणि आयुष्य मोठं, ते व्यायामानंतर गार पाणी जास्त वेळ सोसतात. बाकीच्यांना नेमकं उलटं सांगितलं. पुन्हा हात बुडवायला लावल्यावर बहुतेकांचा वेळ आपापल्या ‘दणकट’ बाजूला सरकला. मग विचारलं, तुम्ही मुद्दाम केलंत का? ३८ पैकी ९ जणांनीच हो म्हटलं. बाकीच्यांना मनापासून वाटत होतं की आपण काही केलं नाही. हा परिच्छेद मुलीला वाचायला द्या. तुमची सुटका व्हावी म्हणून नव्हे, तुम्ही तिच्याकडे बघून खोटं बोलत नाही आहात एवढं तिला कळावं म्हणून.

आता मराठीतल्या एका शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण आपली गल्लत तिथे होते. ‘मनाची समजूत घालणं’ आपण चांगलं मानतो, आणि ते चांगलं आहेही. गेलेलं माणूस परत येणार नसतं, हुकलेली बढती मिळणार नसते, तिथे समजूत घातल्याशिवाय जगता येत नाही. पण समजूत घालायची ती घडून गेलेल्या गोष्टीची. ज्या गोष्टीवर अजून हात चालतो तिची समजूत घातली की तो हात थांबतो. तुमची शुगर दुसऱ्या प्रकारातली आहे. तिच्यावर गोळी चालते, ताट चालतं, चालणं चालतं. ‘स्ट्रिप खराब’ लिहिलंत की त्या दिवसापुरतं हे सगळं थांबलं.

मी हे वरून बघून सांगत नाही. माझ्या आईला विसर पडायला लागला तेव्हा दीड वर्ष मी “वय झालं, चालायचंच” म्हणत राहिले. ती मला फोनवर स्वच्छ बोलायची, जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंची नावं घडाघडा सांगायची, आणि तेवढ्यावर मी फोन ठेवायचे. मला जाग आणली वहिनीने, तीही एक शब्द न बोलता. आमच्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. त्या चौकोनांत, लिटरच्या आकड्याखाली, तिने पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. आईने गॅसवर दूध ठेवलं आणि विसरली की एक फुली. त्या महिन्यात अकरा होत्या. आधीच्या महिन्याचं पान उलटलं तर सहा. त्या पानांपुढे माझं “चालायचंच” टिकलं नाही. वहिनी भांडली असती तर मी तिच्याशी वाद घातला असता, आणि बहुतेक जिंकलेही असते.

तुमच्या पत्रात आणखी एक गृहीतक आहे, ते पुण्यातल्या पुष्कळ घरांत सापडतं. “मी किडकिडीत, मला इतकी शुगर कशी?” याचं उत्तर आपल्याच गावात शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते आपल्या भारतीय अंगात, विशेषतः पोटाशी, साठलेलं असतं. तेव्हा पट्ट्याचं भोक जुनंच आहे या आधारावर २१२ ला खोटं ठरवू नका. आणि तळजाई सोडू नका, ते फार मोलाचं आहे. फक्त टेकडी उतरल्यावर मित्रांबरोबर जे साबुदाणा वडा आणि गोड चहाचं होतं, ते त्या तासाभराच्या खात्यावर मांडणं बंद करा. तुम्ही ते पत्रात लिहिलेलं नाही. तळजाईच्या पायथ्याशी मीही उभी राहिलेय, म्हणून विचारतेय.

आता तुमच्या घरातले तीन उपाय.

मुलीने तपासायचं आणि लिहायचं, हा उपाय पहिल्या महिन्यात छान चालेल. पण ५७ वर्षांच्या माणसाचं बोट रोज लेकीने टोचायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं, हे दोघांनाही पेलणार नाही. तुम्ही आदल्या रात्री काय खाल्लंत हे लपवायला लागाल, आणि आता जी चूक नकळत होते ती कळून-सवरून व्हायला लागेल.

तुमच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, लॅबचा उपाय अर्धा बरोबर आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि एचबीएवनसी तिच्यावर चिकटलेली साखर मोजते. त्यामुळे आदले दोन दिवस भात सोडून त्या तपासणीला चकवता येत नाही. ८.६ म्हणजे दोन-तीन महिन्यांची दिवसरात्रीची सरासरी जवळजवळ २००. पण तो निकाल येतो तेव्हा तीन महिने होऊन गेलेले असतात. मधल्या काळात गोळीने शुगर फार खाली गेली, ७० च्या आत, तर कळायला हेच यंत्र लागतं. यंत्र टाकू नका.

राहिली तुमची शपथ. दादा, तिच्यावर माझा सगळ्यात कमी भरवसा आहे, आणि त्यात तुमच्या सचोटीबद्दल शंका नाही. ‘खोटं लिहिणार नाही’ ही शपथ खोटं लिहिणाऱ्याच्या उपयोगाची. तुम्हाला तर त्या क्षणी ते खरंच वाटत होतं. उद्याही वाटेल, शपथ शाबूत राहील आणि ‘स्ट्रिप खराब’ पुन्हा लिहिलं जाईल.

तुम्हाला लागेल ती तुमच्याच धंद्यातली शिस्त. कीर्दीत चुकीची नोंद पडली तर तुम्ही काय करता? खरडून काढत नाही. वरून एक आडवी रेघ मारता, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी दुरुस्ती लिहिता आणि सही करता. पतसंस्थेतल्या एखाद्या कारकुनाने महिन्यात नऊ व्हाउचर ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवली असती आणि ती नऊच्या नऊ खर्चाचीच निघाली असती, तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी वास आला असता. तोच डोळा या वहीवर लावा. हात धुवायचे आणि पुसायचे ते दर वेळी, टोचण्याच्या आधी. पहिला आकडा शाईने लिहायचा, मग तो कितीही असो. पुन्हा तपासावंसं वाटलं तर जरूर तपासा, पण दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी, त्याच्या जागी नाही. आणि मोठ्या आकड्याला दुसरी संधी द्यायची असेल तर आठवड्यातून एकदा लहान आकड्यालाही द्या. १२६ आल्यावर पुन्हा टोचून बघा. ते किती अवघड जातं बघा, त्यातूनच तुम्हाला बरंच कळेल.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांनीही एवढं जरूर उचलावं, शुगर नसली तरी. वजनाचा काटा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर सरकवून बघणारे आहेत. नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांसाठी बसणाऱ्या आणि प्रत्येक निकालानंतर “यंदाचा पेपरच विचित्र होता” म्हणणाऱ्या मुलांची पत्रं माझ्याकडे दर महिन्याला येतात. त्यांना मी हेच कळवते : किती मार्क पडले तर थांबायचं ते परीक्षेच्या आधी कागदावर लिहा, तारीख घाला आणि घरातल्या एकाकडे देऊन ठेवा. माप आधी ठरवायचं, मग मोजायचं. मोजून झाल्यावर माप ठरवलं की ते नेहमी आपल्या बाजूने झुकतं.

आता ती शेवटची ओळ. ३० वर्षं हिशेबात घालवलेल्या माणसाने चार पानी पत्रात वडिलांच्या पायाला एकच ओळ दिली, तीही सहीला टेकून. मला वाटतं, पत्राचा मजकूर ती ओळच आहे. २१२ दिसलं की तुम्हाला तो त्या सकाळच्या शुगरचा आकडा वाटत नाही. तुम्हाला दिसतो पलंगावर बसलेला बाप आणि गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेलं धोतर. असं काही दिसत असेल तर कुणीही माणूस त्या आकड्याला दारात उभं करेल. माझ्या मते तुम्ही फसवाफसवी करत नव्हता, घाबरलेले होतात, आणि घाबरल्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. ब्रिटनमध्ये डायबिटीसच्या ५ हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, यूकेपीडीएस नावाचा. त्यातल्या २००० साली आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं की सरासरी एचबीएवनसी १ ने कमी असेल, तर पाय कापावा लागण्याचं किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे ८.६ वरून ७.६ झालं तरी तुम्हाला ज्याची भीती वाटते ते पुष्कळ मागे हटतं. वडिलांच्या वेळी रोजच्या रोज आकडा सांगणारं यंत्र घरोघरी नव्हतं. तुमच्याकडे ते आहे, आणि त्यातला २१२ तुम्हाला काही करायला वेळ देतो.

डॉक्टरांना सांगायचं का? पुढच्या भेटीची वाट न बघता, याच आठवड्यात. वहीत सकाळचे आकडे चांगले आणि एचबीएवनसी जास्त दिसलं, तर डॉक्टर जेवणानंतरच्या शुगरच्या मागे लागू शकतात, म्हणजे चुकीच्या जागी शोधत बसतील. एवढंच म्हणा : “डॉक्टर, वहीतले आकडे निवडक आहेत, सगळे यंत्रात आहेत.” स्पष्टीकरण देऊ नका. असे पेशंट त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. तोवर गोळी मनाने वाढवू किंवा कमी करू नका. आणि त्याच भेटीत पायमोजे काढून तळपाय तपासून घ्या, संवेदना आहे की नाही ते बघायला लावा. वडिलांबद्दल तिथे सांगा, पूर्ण वाक्यात.

मुलीशी रविवारी बोला, टेकडीवरून आल्यावर, वहिनी ओट्याशी असतील तेव्हा. हेतूचा मुद्दा काढू नका. “मला आकड्याची भीती वाटते, आजोबांमुळे” एवढं सांगून बघा. आजोबांचा पाय तिने पाहिला नसेल, किंवा फार लहानपणी पाहिला असेल. मग तिला एकच काम द्या : दर रविवारी वही आणि यंत्र शेजारी ठेवून मेळ घालायचा, बँकेच्या खात्याचा घालतात तसा. आकड्यावर बोलायचं नाही. आकडा मोठा का आला, काल काय खाल्लं, हे विचारायचं नाही, ते डॉक्टर विचारतील. तिने पाहायचं इतकंच, की यंत्रात जेवढ्या नोंदी तेवढ्या वहीत आहेत का. जुळलं की तिची सही. नाही जुळलं तर राहिलेली नोंद तिच्यासमोर तुमच्या हाताने लिहायची आणि मग सही.

पहिले दोन-तीन आठवडे वही फार वाईट दिसेल. दिसू द्या. तुम्ही लिहिलेली ती पहिली पूर्ण वही असेल. पुढचं एचबीएवनसी झालं की मला कळवा, आणि सोबत वहीच्या एखाद्या पानाचा फोटो पाठवा, ज्यावर लेकीची सही असेल.

तुमची,
ताई